संगणकाची मंदगती : मेमरी वाढवावी की फ्लॅशची उसनवारी करावी?



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावरून आपण दरवर्षी इतिहास, वाङ्मय, तत्त्वज्ञान, राजकारण अशा थोर विषयांवर विद्वानांची भाषणे ऐकता. त्या पंक्तीत माझ्यासारख्याला पान मांडून दिल्याबद्दल मी चालकांचा आभारी आहे. माझे शालेय शिक्षण बेताचेच. पुढचे जे काही शिकलो ते कारखान्यात, युनियनच्या कचेरीत आणि रात्री दिव्याखाली पुस्तक धरून. कामगार चळवळीवर बोलावे, अशी चालकांची सूचना होती. मी मात्र हा विषय मागून घेतला. लॅपटॉप मंद चालतो. त्याला वेग यावा म्हणून पेन ड्राइव्हसारखी फ्लॅश मेमरी जोडावी, की आतली मुख्य मेमरी वाढवावी, एवढाच प्रश्न. विषय छोटा आहे. पण कामगाराच्या पगारातले पैसे आणि त्याच्या आयुष्यातले तास ज्यात जातात तो विषय चळवळीबाहेरचा आहे, असे मला वाटत नाही.

पूर्वी यंत्र मालकाचे असे. ते मंद चालले तर तोटा मालकाचा, म्हणून दुरुस्तीची घाईही त्यालाच. आता घरी बसून फॉर्म भरणारी, बिले चढवणारी, मजकूर टाइप करणारी शेकडो माणसे आपल्या गावात आहेत. त्यांना नगावर पैसे मिळतात आणि लॅपटॉप त्यांचा स्वतःचा असतो. समजा, एखादी मुलगी दिवसाला २०० फॉर्म भरते आणि दर फॉर्ममागे तिचे यंत्र २० सेकंद नुसते गोल चक्र दाखवत बसते. हिशेब करा : ४००० सेकंद झाले, म्हणजे तासाहून अधिक वेळ. या तासाची मजुरी तिला कोणी देत नाही. उलट काम कमी झाले म्हणून 'तुझा हात चालत नाही' हे मात्र ऐकावे लागते. तेव्हा यंत्र का अडते हे समजून घेणे, हा तिच्या मजुरीचा प्रश्न आहे.

समजायला सोपे जावे म्हणून मी आपल्याला एका वर्कशॉपमध्ये नेतो. फिटर आपल्या बाकापाशी उभा आहे. हातातला जॉब, ड्रॉइंग आणि लागणारी हत्यारे बाकावर आहेत. बाकी सगळा माल दूरच्या स्टोअरमध्ये आहे. फिटर कितीही कसबी असला, तरी बाकावर नसलेली वस्तू लागली की त्याला स्टोअरमधून ती येईपर्यंत हात बांधून उभे राहावे लागते. संगणकातही हीच व्यवस्था आहे. प्रोसेसर म्हणजे फिटर. रॅम, जिला आपण आज नुसती मेमरी म्हणू, तो बाक. हार्ड डिस्क हे स्टोअर. बाकाचा एक विशेष लक्षात ठेवा : वीज गेली की त्यावरचे सगळे पुसले जाते. स्टोअरमधले मात्र राहते. म्हणून दोन्ही लागतात.

आता अंतराचा अंदाज घेऊ. मेमरीतून एखादी गोष्ट घ्यायला सेकंदाचा साधारण एक कोटीवा भाग लागतो. जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. शिवाय सुई योग्य रेघेवर सरकायला आणखी दहा-बारा मिलिसेकंद. एकूण सोळा-सतरा मिलिसेकंद झाले. हे आकडे मनात भरत नाहीत, म्हणून ते माणसाच्या मापात आणू. बाकावरची वस्तू उचलायला फिटरला एक सेकंद लागतो असे धरले, तर स्टोअरमधून तीच वस्तू यायला चाळीस-पंचेचाळीस तास लागतात! एका पान्यासाठी जवळजवळ दोन दिवसांची खोटी. असा कारखाना चालेल कसा? तो चालतो, कारण बहुतेक वेळा लागणारी वस्तू बाकावरच असते. ती नसली की मात्र सगळे ठप्प होते.

या अडचणीवर विचार करणारे लोक फार पूर्वीपासून आहेत. १९६२ साली इंग्लंडात मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या नेतृत्वाखाली 'ॲटलस' नावाचा संगणक उभा राहिला. त्याची मुख्य मेमरी १६ हजार शब्दांची आणि जोडीला फिरत्या ड्रमवर ९६ हजार शब्दांची जागा. त्यांनी अशी युक्ती केली की मजकुराचे ५१२ शब्दांचे तुकडे, म्हणजे 'पाने', करायची आणि लागेल ते पान ड्रमवरून मेमरीत, न लागणारे पान मेमरीतून ड्रमवर, अशी अदलाबदल यंत्रानेच आपोआप करायची. काम करणाऱ्याला भास असा, की आपल्यापाशी एकच मोठी मेमरी आहे. आपल्या लॅपटॉपमध्ये आजही हेच चालते. बाक भरला की यंत्र बाकावरचा काही माल मुकाट्याने स्टोअरमध्ये नेऊन ठेवते आणि तो पुन्हा लागला की परत आणते.

आपल्याकडचीही एक गोष्ट सांगतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली देशी संगणक सुरू झाला. पुढे त्याचे नाव 'टिफ्रॅक' पडले. त्याची मेमरी ४० अंशी २०४८ शब्दांची होती, म्हणजे आजच्या हिशेबात जेमतेम १० किलोबाइट. आज ८ जीबी मेमरीचा साधा लॅपटॉप घेतला तर त्यात असे आठ लाखांवर टिफ्रॅक मावतील. तरी तो मंद चालतो! कारण उघड आहे. बाक वाढला तसे त्यावर ओतले जाणारे कामही वाढले. ब्राउझरची वीस पाने उघडी, त्यात चित्रे, त्यात जाहिराती, शेजारी व्हॉट्सॲप, मागे व्हायरस तपासणारा. घर मोठे झाले की अडगळ वाढते, तसेच हे.

१९६८ साली पीटर डेनिंग या अमेरिकन अभ्यासकाने या प्रकरणातला गाभा नेमका सांगितला. दर कामाला एका वेळेस काही ठराविक पाने सतत लागत असतात. तेवढी पाने मेमरीत मावली तर काम सुरळीत चालते. ती मावली नाहीत, तर काम थोडेसे मंद होत नाही, एकदम कोसळते. कारण एक पान आणायला दुसरे काढावे लागते आणि काढलेले तेच पुढच्या क्षणी हवे असते. सगळा वेळ ने-आण करण्यात जातो, प्रत्यक्ष काम होतच नाही. इंग्रजीत या अवस्थेला 'थ्रॅशिंग' म्हणतात. आपल्याकडे त्याहून चांगला शब्द आहे : हेलपाटे. सरकारी कचेरीत एका दाखल्यासाठी दुसरा आणि दुसऱ्यासाठी पहिला मागतात, तेव्हा जे होते, तेच यंत्राचे होते.

डेनिंगच्या या म्हणण्यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, मेमरी अपुरी असेल तर ती वाढवण्यासारखा दुसरा उपाय नाही. दुसरी, आणि ही दुकानदार सांगत नाहीत, ती पुरेशी असेल तर आणखी वाढवून काही मिळत नाही. फिटरचे सगळे सामान चार हात लांबीच्या बाकावर मावत असेल, तर आठ हात लांबीच्या बाकाने त्याचा हात दुप्पट चालणार नाही.

आता फ्लॅश मेमरीकडे वळू. ही वीज गेली तरी मजकूर न विसरणारी आणि फिरता भाग नसलेली मेमरी. पेन ड्राइव्ह, मोबाइलमधले कार्ड, सगळे तिचेच वंशज. तिचा जनक जपानच्या तोशिबा कंपनीतला एक नोकर माणूस, फुजिओ मासुओका. १९८४ साली त्याने ही कल्पना जगापुढे मांडली आणि १९८७ साली तिचा 'नँड' नावाचा, आज सर्वत्र वापरला जाणारा प्रकार आला. या शोधावर जगभर अब्जावधींचा धंदा उभा राहिला. मासुओकाला आपल्या वाट्यासाठी २००४ साली कंपनीवर दावा लावावा लागला. मागणी १०० कोटी येनची होती. २००६ साली ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. कामगाराच्या हाताचे मोल मिळवायला झगडावे लागते हे आपल्याला ठाऊक होते. त्याच्या डोक्याचे मोलही तसेच मिळते, हे या गोष्टीवरून दिसते.

या फ्लॅशचा उपयोग मंद यंत्राला टेकू देण्यासाठी करावा, ही कल्पना २००७ साली सामान्य ग्राहकांपर्यंत पोचली. त्या वर्षी जानेवारीत मायक्रोसॉफ्टची 'विंडोज व्हिस्टा' बाजारात आली. तिला कमीत कमी ५१२ एमबी मेमरी लागे आणि तेवढ्यावर ती रडतखडत चाले. म्हणून तिच्यात 'रेडीबूस्ट' नावाची सोय ठेवली होती. पेन ड्राइव्ह खोचायचा, परवानगी द्यायची, की यंत्र त्याचा उपयोग जवळच्या कपाटासारखा करू लागते. बाकावर मावत नाही पण वरचेवर लागते अशा मालाची एकेक प्रत त्या कपाटात ठेवायची, म्हणजे दरवेळी स्टोअरपर्यंत जायला नको.

युक्ती खोटी नव्हती, हे मी प्रथमच सांगतो. तिच्यामागे हिशेब होता. रेडीबूस्टसाठी पेन ड्राइव्हची अट अशी, की ४ किलोबाइटचे विखुरलेले तुकडे त्याने सेकंदाला किमान अडीच एमबी या वेगाने वाचावेत. म्हणजे सेकंदाला ६४० तुकडे. हार्ड डिस्क असे विखुरलेले तुकडे सेकंदाला साठाच्या आसपासच आणते. तेव्हा या कामापुरता पेन ड्राइव्ह दसपट जलद. आपल्या वर्कशॉपच्या भाषेत, पंचेचाळीस तासांचा हेलपाटा चार-साडेचार तासांवर आला. ही कमाई लहान नाही.

पण कपाट कितीही जवळ आणले तरी ते बाक होत नाही. चार तास आणि एक सेकंद यांतला फरक राहतोच. शिवाय या कपाटाच्या मर्यादा पाहा. पहिली : मोठी सलग फाइल वाचायची असेल तर हार्ड डिस्कच पुढे असते, ती एकदा जागेवर आली की भराभर वाचत जाते आणि जुन्या यूएसबी जोडणीवरचा पेन ड्राइव्ह मागे पडतो. म्हणून असे काम यंत्र थेट डिस्कवरूनच करते. दुसरी : कपाटात फक्त प्रत असते. पेन ड्राइव्ह कोणी मध्येच उपटला तरी मजकूर बुडू नये म्हणून मूळ माल डिस्कवर ठेवावाच लागतो. म्हणजे आणण्याचा वेळ वाचतो, ठेवण्याचा वाचत नाही. तिसरी : पेन ड्राइव्ह चोरीला गेला तर आतला मजकूर कोणाच्या हाती लागू नये म्हणून तो सांकेतिक करून ठेवावा लागतो, तेवढे काम प्रोसेसरच्या माथी. आणि चौथी : फ्लॅशच्या पेशी लिहून लिहून झिजतात. स्वस्तातला पेन ड्राइव्ह अशा राबणुकीसाठी घडवलेलाच नसतो.

प्रत्यक्ष चाचणीत काय दिसले? व्हिस्टाच्या आरंभीच्या काळात झालेल्या एका चाचणीचे आकडे बोलके आहेत. ५१२ एमबी मेमरीच्या यंत्राला एका कामासाठी ११.७ सेकंद लागत होते. १ जीबीचा रेडीबूस्ट जोडल्यावर तेच काम २ सेकंदांत झाले. पेन ड्राइव्ह विकणारा एवढे सांगून थांबेल. पण पुढचा आकडा ऐका : पेन ड्राइव्ह न लावता मेमरी ५१२ एमबीवरून १ जीबी केली, तेव्हा ते काम ०.८ सेकंदात झाले. टेकूने भिंत सावरली, हे खरे. पण भिंत नीट बांधल्यावर टेकूची गरजच उरली नाही. आणि ज्या यंत्रात मुळात पुरेशी मेमरी होती, तेथे रेडीबूस्टला करण्यासारखे फारसे काही नव्हते.

मोठ्या कंपन्यांनीही हाच मार्ग चोखाळून पाहिला. इंटेलने २००७ सालीच लॅपटॉपच्या आत बसणारी 'टर्बो मेमरी' काढली. एचपी आणि सोनी यांनी ती घेतली नाही. पुढे २०१० साली सीगेटने हार्ड डिस्कच्या पोटातच ४ जीबी फ्लॅश घालून पाहिली. २०१७ साली इंटेलने 'ऑप्टेन' नावाची वेगळ्या जातीची जलद मेमरी १६ आणि ३२ जीबीच्या पट्ट्यांत आणली. ती हार्ड डिस्कपुढे बसवली की डिस्क चपळ वाटे आणि या प्रकारातले ते सर्वांत चांगले काम होते. तरी २०२२ साली इंटेलने ऑप्टेनचा सगळा धंदा गुंडाळत असल्याचे जाहीर केले.

या सर्वांना मागे टाकले ते फ्लॅशनेच. पण टेकू म्हणून नव्हे, स्टोअर म्हणून. हार्ड डिस्क काढून तिच्या जागी पूर्ण फ्लॅशची बनवलेली एसएसडी बसवली, की स्टोअरच बाकाच्या जवळ येते. एसएसडीला एका तुकड्यासाठी सेकंदाचा साधारण दहा हजारावा भाग पुरतो. आपल्या मापात पंचेचाळीस तासांचे काम सतरा मिनिटांवर आले. असे झाल्यावर मधले कपाट हवे कशाला? विंडोज ७ पासून तर यंत्रच, एसएसडी दिसली की, आपण पुरेसे जलद आहोत असे कळवून रेडीबूस्ट नाकारू लागले. अर्थात सतरा मिनिटे म्हणजे एक सेकंद नव्हे. एसएसडी बसवली तरी बाक अपुरा असेल तर हेलपाटे होतात; ते सुसह्य होतात, इतकेच.

आता आपल्या घरच्या यंत्राचे निदान कसे करावे ते सांगतो, कारण औषधाआधी नाडी पाहिली पाहिजे. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की 'टास्क मॅनेजर' उघडतो. आपले रोजचे काम चालू ठेवून त्यातले तीन आकडे पाहावेत : प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर आणि डिस्क सतत शंभरावर, असे दिसले तर बाक अपुरा आहे, मेमरी वाढवा. मेमरीत जागा आहे, तरी यंत्र सुरू होताना व कार्यक्रम उघडताना डिस्क शंभरावर अडते, तर स्टोअर दूर आहे, एसएसडी बसवा. दोन्ही निवांत आणि प्रोसेसर शंभरावर, तर फिटरच दमला आहे. कदाचित पंख्यात धूळ अडकून यंत्र तापले असेल. तेथे मेमरीही उपयोगी नाही आणि पेन ड्राइव्हही नाही. आणि तिन्ही निवांत असून फक्त इंटरनेटची पाने रखडत असतील, तर दोष लॅपटॉपच्या बाहेर आहे.

आमच्या युनियनच्या कचेरीतला अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. २०२१ साली ऑगस्टच्या अखेरीस असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू झाली. घरकाम करणाऱ्या बाया, बांधकामावरचे मजूर, हमाल आमच्याकडे येऊ लागले. कचेरीतला लॅपटॉप ४ जीबी मेमरीचा, आत हार्ड डिस्क. एकेका नोंदणीला इतका वेळ लागे, की दुपारपर्यंत रांग जिन्याखाली जाई. एक मावशी दोन घरांचे काम बुडवून आल्या होत्या. त्या खुर्चीवरच्या मुलाला म्हणाल्या, "बाळा, तुला येत नसेल तर दुसऱ्याला बसव की!" पोरगा खाली मान घालून बसला. त्याला सगळे येत होते. त्याचा हात पडद्याची वाट पाहत होता.

त्या वेळी एका दुकानदाराने मोठा पेन ड्राइव्ह लावण्याचा सल्ला दिला. दुसऱ्याने सांगितले, हा डबा झाला, नवा घ्या. आम्ही कोणाचेच म्हणणे नुसते ऐकून घेतले नाही. कचेरीत असलेलाच पेन ड्राइव्ह लावून एक दिवस काम केले. एकदा उघडलेला कार्यक्रम पुन्हा उघडताना थोडा फरक जाणवे, पण ब्राउझरमध्ये चार-पाच पाने उघडली की पूर्वीचेच रडगाणे. मग ओळखीच्या कारागिराकडून ४ जीबीची आणखी एक पट्टी बसवली. त्या दिवसापासून डिस्कचा दिवा जो अखंड लुकलुकत असे तो शांत झाला. पुढच्या महिन्यात वर्गणी काढून एसएसडी घातली. तो लॅपटॉप पुढे कित्येक हजार नोंदणींना पुरला. मुलगा तोच, हात तेच. कामगाराला आळशी ठरवण्यापूर्वी त्याच्या बाकावर माल पोचतो का ते पाहावे, हे मी तीस वर्षे व्यवस्थापकांना सांगत आलो. तेच पडद्यावर आकड्यांत दिसले.

येथे कोणी रास्त शंका काढील, की मेमरी वाढवणे प्रत्येकाला शक्य असते का? नसते, आणि यात फार मोठी गोम आहे. बऱ्याच पातळ लॅपटॉपांत मेमरी बोर्डावर झाळून टाकलेली असते. तेथे जागाही नसते आणि पट्टीही नसते. विकत घेताना कोणी हे सांगत नाही. म्हणून घेण्यापूर्वीच विचारा : मेमरीचे खाचे किती, मोकळे किती, जास्तीत जास्त किती जीबी चालते? जुन्या लॅपटॉपला पट्टी घेताना जातही पाहावी. डीडीआर३ ची पट्टी डीडीआर४ च्या खाचेत बसतच नाही. विंडोजची ३२ अंशी आवृत्ती असेल तर ती ४ जीबीपलीकडची मेमरी वापरतच नाही. तिथे पट्टी घालून पैसे वाया जातात. आणखी एक : मेमरीचा थोडा हिस्सा पडद्यावरच्या चित्रांसाठी राखला जातो, म्हणून ४ जीबीच्या यंत्रात कामाला त्याहून कमीच उरते.

आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'दुरुस्तीच्या हक्का'चे संकेतस्थळ सुरू केले. पाऊल चांगले आहे. पण वस्तू घडवतानाच ती उघडता येईल, तिचा भाग बदलता येईल, अशी घडवली पाहिजे, ही मागणी ग्राहकांनी आणि कामगार संघटनांनी मिळून केली पाहिजे. झाळलेल्या मेमरीवर हक्काचा कागद चिकटवून ती सुटी होत नाही.

दुसरी शंका किमतीची. ती फार खरी आहे. २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव एकाएकी चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी प्रचंड केंद्रे उभी राहत आहेत, त्यांना मेमरी हवी. आणि जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्यांत बनते. मोठे गिऱ्हाईक आले की लहानाचे ताट मागे सरते. मायक्रॉनने तर २०२५ च्या डिसेंबरात, 'क्रुशियल' या नावाने सामान्य ग्राहकांना पट्ट्या विकण्याचा आपला धंदा बंद करणार असल्याचे जाहीर केले. मग पट्टी महाग झाल्यावर पेन ड्राइव्हचा टेकू पुन्हा बरा ठरेल का? माझे उत्तर असे : जुने यंत्र, आत हार्ड डिस्क, मेमरी थोडी, पट्टी घालायला जागा किंवा पैसे नाहीत आणि घरात चांगला पेन ड्राइव्ह पडून आहे, अशा वेळी जरूर लावून पाहा, नुकसान नाही. पण त्यासाठी नवा पेन ड्राइव्ह विकत घेऊ नका. ते पैसे एसएसडीसाठी बाजूला टाका. आणि फुकटचा उपाय आधी करा : सुरू होतानाच आपोआप उघडणारे नको ते कार्यक्रम बंद करा, ब्राउझरची न लागणारी पाने मिटा. बाकावरची अडगळ काढायला पैसे पडत नाहीत.

तिसरी शंका, जुन्या यंत्रावर खर्च करावाच का? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल संपली. विंडोज ११ ला किमान ४ जीबी मेमरी तर हवीच, शिवाय ठराविक पिढीचा प्रोसेसर आणि सुरक्षेची एक चकतीही लागते. त्यामुळे पुष्कळ धडधाकट लॅपटॉप एका तारखेला 'जुने' ठरले. त्यांची यंत्रे झिजली नव्हती. त्यांच्यावरचा कागद बदलला होता. अशा लॅपटॉपवर लिनक्स ही मोफत प्रणाली बसवता येते आणि ८ जीबी मेमरी व एक लहान एसएसडी यांवर ती लेखनाला, हिशेबाला, मुलांच्या अभ्यासाला उत्तम चालते. वयाच्या दाखल्यावरून माणसाला निवृत्त करतात तेव्हा आपण विचारतो, याचा हात अजून चालतो की नाही? यंत्राबाबतही तेच विचारावे.

आता सारांश सांगतो. मेमरी अपुरी असेल तर प्रथम मेमरी. साध्या कामाला ४ वरून ८ जीबी ही उडी सर्वांत मोलाची. ८ वरून १६ ही कामावर अवलंबून. त्यापुढे चित्रपट जोडणे, मोठी चित्रे करणे असे काही नसेल तर पैसा पाण्यात. मेमरी पुरेशी असून आत हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी. फ्लॅशचा टेकू हा केवळ दोन्ही शक्य नसतील तेव्हाचा, आणि तोही घरचाच. तिन्हींच्या आधी टास्क मॅनेजरमधले तीन आकडे पाहणे, ज्याला दमडी लागत नाही.

बंधुभगिनींनो, ज्ञान ही वस्तू अशी आहे की ती ठाऊक असणाऱ्याला फसवणे अवघड जाते. आमच्या चळवळीत नव्या सभासदाला आम्ही पहिल्या दिवशी पगारपत्रक वाचायला शिकवतो, घोषणा नंतर. कुठली कपात कशासाठी, हे ज्याला कळले तो पुढे आपले भांडण आपणच भांडतो. लॅपटॉपच्या पडद्यावरचे हे तीन आकडे म्हणजे या नव्या कामाचे पगारपत्रकच समजा. घरी जाऊन ते उघडा, आपल्या मुलामुलींना दाखवा, शेजारच्या फॉर्म भरणाऱ्या ताईंनाही दाखवा. त्यांचा रोजचा एक तास जरी वाचला, तरी आजची संध्याकाळ सत्कारणी लागली असे मी मानीन.